जावा बेटावरचा जावई

सुरतेहून परत आल्यापासून आमच्या गल्लीतल्या बायका मला एकच विचारतात, "किती साड्या आणल्या?" मी एक म्हटलं की त्यांना वाटतं मी उरलेल्या लपवतेय. संक्रांतीच्या दिवसांत सुरतेला गेलेली बाई एका साडीवर परत येते, हे कुणाला पटणार? पण खरं सांगते, त्या मुक्कामातला बराचसा वेळ मी एका जांभळाच्या झाडाखाली मान वर करून उभी होते. शेवटी साडीच्या दुकानात पोचले तेव्हा मान इतकी आखडलेली की वरच्या फळीवरचा माल मला पाहताच आला नाही. हे नीट सांगायचं तर आधी आमच्या ह्यांच्यापासून सुरुवात करायला हवी.

आमचे हे अमळनेरला हायस्कुलात चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे पक्ष्यांना लागले. गळ्यात दुर्बीण, खांद्याला झोळी, झोळीत पक्ष्यांचं पुस्तक. मेथी आणायला पाठवावं तर दुपारी रिकामी पिशवी हलवत येणार आणि दारातूनच सांगणार, "अगं, तांबट दिसला!" तांबटाची भाजी होत नाही, हे मी किती वेळा सांगायचं?

ह्यांची धाकटी बहीण विमल सुरतेला असते. मी मूळची साताऱ्याकडची, त्यामुळे तिला वन्सं म्हणते. तिकडे सगळ्यांना त्याचं हसू येतं. तिचे यजमान रामदासभाऊजी लग्न झाल्या झाल्या सुरतेला पॉवरलूमवर गेले ते तिथलेच झाले. त्यांचा एकुलता एक दीपक फिटर झाला, काही वर्षं हजीऱ्याला कारखान्यात होता आणि मग एका मालवाहू जहाजावर लागला. दिवाळीत तो घरी आला तो एक पिंजरा घेऊन. वन्संनी फोनवर सांगितलं, "दादा, जावा बेटावरचं पाखरू आहे. अंगानं हिरवंगार, गळा काळा, आणि निळ्या मिशा आहेत बघ त्याला."

निळ्या मिशा हे शब्द ऐकल्यापासून ह्यांची झोप उडाली. मला सांगताना मात्र म्हणाले, "चल, तुला सुरतेला साड्या घेऊन देतो." पस्तीस वर्षांच्या संसारात हे असं आपणहून कधी बोलले नव्हते, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुरतेला? तिथं प्लेग आला होता ना?" आला होता, तेव्हापासून तिथले रस्ते आपल्यापेक्षा स्वच्छ झालेत. पण हे मला तिथं जाऊनच कळलं. निघताना मात्र मी पिशवीत कापराच्या वड्या टाकल्या होत्या.

गाडीतलं सांगण्यासारखं एकच. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत. ह्यांनी गुजरातेत चहा घेतला, महाराष्ट्रात येऊन प्यायला, आणि दोन्ही राज्यांत तो सारखाच पांचट आहे असं जाहीर केलं.

डिंडोली

वन्सं राहतात त्या सुरतेच्या डिंडोली भागात उतरलं की आपण घर सोडून आलोय असं वाटतच नाही. भाजीवाली अहिराणीत भांडते, किराणावाला गुजरातीत वजन करतो, आणि पोरं दोघांनाही हिंदीत उत्तर देतात. लांबून लूमची खटखट सतत कानावर येते. पहिल्या दिवशी मला वाटलं, मेलं कुणी थांबवत कसं नाही हे! तिसऱ्या दिवशी तीच खटखट ऐकत मी दुपारची डुलकी काढली.

वन्संचं घर पहिल्या मजल्यावर. गॅलरीत पिंजरा टांगलेला, आणि त्यात तो. निळ्या मिशांचं खोटं नव्हतं. चोचीपासून गळ्यापर्यंत काळा मखमली रुमाल बांधावा तसा रंग, त्यात दोन्ही बाजूंना निळी रेघ, पंखांवर आणि शेपटीवर तोच निळा, बाकी सगळा केळीच्या कोवळ्या पानासारखा हिरवा. ह्यांनी चपलाही काढल्या नाहीत. पुस्तक उघडून म्हणाले, "आपल्याकडच्या हरेव्याचा भाऊबंद. पण आपल्याचं कपाळ सोनेरी असतं, याचं नाही. हा त्या एका बेटावर होतो, जगात दुसरीकडे कुठंच नाही!"

"आता आमच्याकडे होतो," रामदासभाऊजी म्हणाले. "आणि आम्ही त्याला जावई म्हणतो."

"जावई?"

"जावाहून आला म्हणून. शिवाय लक्षणं पाहा ना. काम काही करत नाही, फळ मऊ हवं, पण फार पिकलेलं नको. सकाळी पपई, दुपारी चिकू. जरा उशीर झाला की पाठ फिरवून बसतो."

वन्सं त्याला पपईची फोड लावत होत्या. "खाई ले रे बापू, तुनासाठेच कापी शे," असं लाडानं चाललेलं. आमच्या चहाला अजून आधण ठेवलेलं नव्हतं.

"गातो का?" ह्यांनी विचारलं. "ही जात नकला फार सुंदर करते. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढते."

"दीपक होता तोवर गायचा," वन्सं म्हणाल्या. "तो गेला तसा गप्प झाला." आणि त्या आत निघून गेल्या.

रात्री जेवताना ह्यांनी भाषण दिलं. पक्षी हा आकाशाचा, त्याला पिंजऱ्यात कोंडणं बरोबर नाही, उद्या कुणी आपल्याला कोंडलं तर, वगैरे. वन्संनी ऐकून घेतलं आणि भावाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तोंड भरलं की माणूस बोलत नाही, हे त्या लहानपणापासून जाणतात.

पोंक की हुरडा

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी आम्हांला तापीकाठी पोंक खायला नेलं. वन्सं आल्या नाहीत. जावयाच्या चिकूची वेळ होती. पोंक म्हणजे ज्वारीचे कोवळे दाणे भाजून, चोळून काढलेले, वर शेव आणि लिंबू.

"हा तर आपला हुरडा!" हे मोठ्यानं म्हणाले.

पोंकवाल्यानं वर पाहिलं. "ना काका, हुरडा नही. पोंक."

"ज्वारीच आहे ना?"

"ज्वारीच. पण सुरतनी ज्वारी."

यावर हे बराच वेळ वाद घालत राहिले आणि वाद घालता घालता द्रोणावर द्रोण रिचवत गेले. मला विचाराल तर हुरड्याबरोबर आपली लसणाची चटणी असते, ती ठसका लावते. सुरतेचा माणूस मात्र कशातही साखर घालतो. वरणात घालतो, भाजीत घालतो, बोलण्यात तर घालतोच. सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण असं तिकडे म्हणतात. सुरतेचं जेवण मी जेवले. दुसऱ्याची घाई नाही.

ह्यांचा वाद रंगात आलेला पाहून भाऊजी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वहिनी, सरांना जरा समजवा. पिंजऱ्याचं भाषण नको. दिवाळीनंतर दीपकचा फोन नाही. जहाज लांबच्या फेरीवर आहे, उशीर होतो, मला माहीत आहे. पण हिनं मनात काहीतरी धरलंय. बोलत नाही. पाखरू जेवलं तरच ही जेवते."

मी ह्यांना परत येताना सगळं सांगितलं. हे गंभीर झाले, म्हणाले, "एक अक्षर बोलणार नाही." आणि खरंच बोलले नाहीत. त्यांनी जे केलं ते न बोलताच केलं.

जावई रुसला

संक्रांतीच्या आदल्या दुपारी वन्सं तिळाचे लाडू वळत होत्या, मी त्यांना मदत करत होते. हे गॅलरीत जावयाचं चित्र काढत बसले होते. तोंडाकडची बाजू छान जमली होती, पण शेपटीचा निळा नीट दिसेना, कारण जावई शेपूट भिंतीकडे करून बसलेला. ह्यांनी शीळ घातली, चुटकी वाजवली, अहिराणीतून विनंती केली. मग चिकूची फोड आत ठेवून त्याला वळवावं म्हणून पिंजऱ्याचं दार उघडलं.

आम्हांला ऐकू आलं ते फक्त, "अरे! अरे अरे!"

गॅलरीत आलो तर हे हातात चिकू घेऊन उभे, पिंजरा रिकामा, आणि समोरच्या माताजीच्या देरीवरचं, म्हणजे छोट्या देवळावरचं, जांभूळ सळसळतंय.

"उडी गया," वन्सं म्हणाल्या. बस, इतकंच. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी हात पुसले, तिळाच्या पाकाखालचा गॅस बंद केला आणि खाली गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर ह्यांना बरं वाटलं असतं.

आता हिरव्या पानांत हिरवा पक्षी शोधून पाहा. जांभूळ ऐन थंडीतही गच्च भरलेलं असतं. प्रत्येक पान आम्हांला जावई वाटलं. ह्यांनी दुर्बीण लावून तीनदा "दिसला!" म्हटलं, आणि तिन्ही वेळा ते पानच निघालं. त्यात आदल्या दिवसापासूनच आकाशात पतंग चढलेले. झाडात ठिकठिकाणी काचेचा मांजा लोंबत होता. उद्या उत्तरायण, उद्या तर सगळं सुरत गच्चीवर जाणार आणि आकाशभर दोरे ताणले जाणार. तशा एका दोऱ्यानं घारीचाही पंख कापला जातो, हे तर मुठीएवढं पाखरू.

गर्दी जमली. देरीला लागून असलेल्या घरातून ज्योत्स्नाबेन आल्या आणि त्यांचे यजमान कनुभाई आले. कनुभाईंची ओळख भाऊजींनी आधीच करून दिली होती. डिंडोलीत त्यांच्याएवढे पतंग कुणी कापत नाही असं ते स्वतः सांगतात आणि दुसरं कुणी नाकारत नाही. पहिल्या भेटीत मला हसत म्हणाले होते, "महाराष्ट्रथी? तो फरी लूटवा आव्या?" सुरत दोनदा लुटली गेली ती अजून त्यांच्या लक्षात आहे. आम्ही म्हटलं, या वेळी फक्त साड्या.

"फळ मूको ने," ज्योत्स्नाबेन म्हणाल्या. "भूक लागशे तो आवशे." कल्पना चांगली होती. गल्लीतल्या घराघरांतून पपई, पेरू, केळी, बोरं आली आणि गच्चीच्या कठड्यांवर मांडली गेली. संध्याकाळपर्यंत डिंडोलीतले सगळे बुलबुल, कावळे आणि खारी त्यावर जेवून गेल्या. जावई आला नाही.

वन्संनी आमचं ताट वाढलं आणि आपलं वाढलं नाही. ह्यांनीही घास खाली ठेवला. "विमे, चुकलो गं," म्हणाले. त्या म्हणाल्या, "जेव दादा, लाडू तुझ्यासाठीच केलेत." ह्यांचे डोळे भरून आले, आणि मला प्रथमच वाटलं की आता ह्यांची थट्टा थोडा वेळ बंद ठेवावी.

उत्तरायण

सकाळी ऊन पडायच्या आत आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो. अचानक गल्लीच्या तोंडाकडून शीळ आली. लांब, मग लांब, मग शेवटी एक छोटी, वर चढणारी.

वन्संच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "मना दीपक उना!" म्हणत त्या अनवाणी जिना उतरल्या. आम्ही मागोमाग. गल्ली रिकामी होती. एक गाय होती आणि रात्रीचे फाटके पतंग होते. भाऊजींनी मला सांगितलं, बाहेरून घरी येताना दीपक कोपऱ्यावरूनच अशी शीळ घालतो, म्हणजे आईनं चहा ठेवावा.

शीळ पुन्हा आली. वरून. जांभळातून.

वन्सं देरीच्या पायरीवर मटकन बसल्या. पोर आलं नव्हतं; पोराची शीळ तेवढी आली होती. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. पण थोड्या वेळानं त्यांनीच पदरानं चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "बसलंय तिथंच. जिवंत आहे." मग भावाला म्हणाल्या, "आते काय करशी, दादा?"

दादानं काय करायचं ते सुचण्याआधी कनुभाई गच्चीवरून ओरडले. हातात फिरकी, डोक्यावर टोपी, मांजा लागू नये म्हणून नाकावर चिकटपट्टी, म्हणजे लढाईची सगळी तयारी. त्यांनी झाडाकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. वारा सुरेख होता. त्यांचं दुःख मला खालून दिसत होतं. शेवटी त्यांनी फिरकी ज्योत्स्नाबेनच्या हातात दिली आणि काटेरी फांदी बांधलेला लांब बांबू उचलला. कटलेले पतंग पकडायला पोरं वापरतात तो.

आणि मग त्या दिवशी डिंडोलीनं कधी न पाहिलेलं पाहिलं. सगळीकडून पतंग कापल्याच्या आनंदात "काय पो छे!" चा गजर, थाळ्या, पिपाण्या, आणि आमचा हा वीर एकही पतंग न उडवता जांभळाकडे येणारा प्रत्येक दोरा बांबूनं ओढून काढतोय. शेजारी आमचे हे, हाताला फडकं गुंडाळून, काढलेला मांजा गोळा करतायत. पलीकडच्या गच्चीवरून लोक चिडवत होते, "कनुभाई, निवृत्त थया के?"  कनुभाई मधूनच ह्यांच्याकडे वळून म्हणत, "मास्तर, तमे मारी उत्तरायण बगाडी नाखी!" आणि हे म्हणत, "हो हो, तो बघा, डावीकडून आला!"

दुपारी ज्योत्स्नाबेननं दोघांना उंधियू आणि जिलबी वर नेऊन दिली. संध्याकाळी दोघे उतरले तेव्हा दोघांचीही बोटं कापलेली, दोघांचेही चेहरे तांबडे आणि दोघांची मैत्री पक्की. जावयाच्या पंखाला दोरा लागला नव्हता. अधूनमधून शीळ येत होती. पण प्रत्येक वेळी वन्सं चमकून गल्लीच्या तोंडाकडेच बघत. माहीत असूनही.

वासी उत्तरायण

सुरतेत उत्तरायण दोन दिवस चालतं. दुसऱ्या दिवसाला शिळं उत्तरायण म्हणतात. शिळा सण साजरा करणारं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही. पण त्या सकाळी वारा पडलेला होता आणि आकाश बऱ्यापैकी मोकळं.

ह्यांनी रात्रभर विचार करून योजना आखली होती. कनुभाईंच्या गच्चीवर पिंजरा ठेवायचा, आत पपई, आणि आपण मच्छरदाणी घेऊन टाकीमागे दबा धरायचा. पाखरू उतरलं की झेप! मी पिंजऱ्याजवळ पपई ठेवायला गेले. फांदी हलली. ह्यांनी झेप घेतली. मच्छरदाणीत मी सापडले. कनुभाईंना इतकं हसू आलं की त्यांना कठड्याला धरून बसावं लागलं, आणि जावई आणखी वरच्या फांदीवर गेला.

"सगळे खाली जा," वन्सं म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण आम्ही शाळेतल्या पोरांसारखे ओळीनं उतरलो आणि जिन्याच्या दारातून पाहत राहिलो.

त्या पिंजऱ्याजवळ मांडी घालून बसल्या. दार उघडं ठेवलं. विळीवर पपई चिरू लागल्या, सावकाश, रोजच्यासारखी. झाडाकडे बघितलंही नाही. तोंडानं मात्र चालू होतं: किती हट्ट करायचा, दोन दिवस झाले, रात्री थंडी पडते, अंगावर घ्यायला तरी काय आहे तुला? अहिराणीत हे सगळं रागावल्यासारखं वाटतं, पण तसं नसतं. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, त्या नुसत्या पाखराशी बोलत नव्हत्या.

हिरवं काहीतरी सरकलं. आधी खालच्या फांदीवर, मग कठड्यावर, मग पिंजऱ्याच्या टपावर. जावयानं मान तिरकी करून पपई पारखली. मग उडी मारून विळीशेजारच्या फोडीवर बसला आणि खाऊ लागला. आमच्या ह्यांनी माझा दंड इतका आवळला की वळ उठला. वन्संनी दुसरी फोड उचलून आत ठेवली. तो तिच्यामागे आत गेला. त्यांनी त्याला पोटभर खाऊ दिलं, आणि मगच दार लावलं.

हे पुढे गेले. काही बोलावं असं त्यांच्या मनात असावं. वन्सं हसून म्हणाल्या, "हां दादा, सांग आता. आकाशाचा पक्षी, ना?"

"उघडं दार होतं," हे पुटपुटले. "आपल्या पायांनी आत गेला."

"सर, आमचं तरी दुसरं काय आहे?" भाऊजी म्हणाले. "गावाकडे जायला कुणी अडवलंय का? दार उघडंच आहे. पपई इथं आहे." आणि पिंजरा उचलून खाली निघाले.

वन्संनी उरलेली पपई स्वतः खाल्ली. तिथंच, गच्चीवर बसून. 

शिळ्या उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी मी माझी ती एक साडी आणली. आम्ही बांधाबांध करत होतो तेवढ्यात ज्योत्स्नाबेननं खालून हाक मारली, "विमलबेन! दीपकनो फोन! दोडो!" फोन त्यांच्याकडे आहे, वन्संकडे नाही. आम्ही सगळेच धावलो. वन्संनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. दीपक कुठल्याशा लांबच्या बंदरातून ओरडून बोलत होता, त्यामुळे आम्हां सगळ्यांना ऐकू येत होतं. जहाजाचं यंत्र बिघडलं होतं, मध्येच अडकून पडले होते, आता सगळं ठीक आहे.

"कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"चांगलं आहे रे," वन्सं ओरडल्या. "पपई खातंय, चिकू खातंय. आता गायला पण लागलंय. काळजी करू नको."

 मग त्याचा आवाज आला. "माय, पाखरूनं नही. तुनं इचारी ऱ्हायनू."

 ज्योत्स्नाबेननं पंखा बंद केला. आणि मग इतके दिवस कुणाला एक शब्द न सांगणारी ती बाई ज्योत्स्नाबेनच्या झोपाळ्यावर बसली आणि सांगत सुटली. गुडघा दुखतो. झोप लागत नाही. तुझा बाप विचारलं की म्हणतो जहाज लांब आहे. फोन का नाही केलास? आणि तुझा मामा आला, त्यानं पाखरू उडवून दिलं!

हे ऐकल्याबरोबर आमचे हे हळूच चपला शोधू लागले. पण पलीकडून हसू आलं, समुद्रापलीकडून, खरखरीतून, मोठ्ठं हसू. वन्संनी डोळे पुसले आणि तो हसला म्हणून तीच गोष्ट त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतली.